कुठवर आलंय

गंगापूरचं पाणी सोडलं
की नाशकात कुणी क्युसेक विचारत नाही.
विचारतात, दुतोंड्या मारुतीला कुठवर आलंय?
गुडघ्याला म्हटलं तर लोक पूर बघायला निघतात,
कमरेला म्हटलं की सराफ बाजार
आपली कपाटं वरच्या मजल्यावर न्यायला लागतो.
अंबडच्या आमच्या लॅबमध्ये
सर्व्हरसाठी मी हेच माप आणलं.

शनिवार, पहाटेचा एक.
ओजस फोनवर: मॅडम, मारुतीला कुठवर?
छातीला.
बत्तीसातले सत्तावीस जीबी.
तो जरा वेळ गप्प. मग म्हणतो, रीस्टार्ट मारू?

रविवारी रात्री अकराला मारलाच होता.
त्याच्या आधीच्या रविवारीही.
पाणी उतरतं, घाट धुऊन निघतो,
आणि सोमवारपासून पुन्हा पायऱ्या चढू लागतं,
सावकाश.
घाईत असतं तर पकडलं असतं.

आधी वाटलं, कॅश असेल.
कॅशचा मला राग नाही.
जागा मोकळी दिसली की ती ऐसपैस पसरते,
पण कुणी आलं की सरकून घेते,
एसटीतल्या शहाण्या बाईसारखी.
हे सरकत नव्हतं.

मग मोठ्या क्वेऱ्या पाहिल्या.
महिन्याचा हिशेब, थायरॉइडचे दहा वर्षांचे आकडे.
खातात भरपूर, पण उठताना ताट घासून ठेवतात.
बफर मोजले. परवा बदललेली सेटिंग्ज उलटी फिरवली.
चहावर साय धरली.
सातला खाली माणसं येतील,
उपाशीपोटी, बाही वर करून.
त्यांना काय सांगू,
मशीनला काही विसरताच येत नाहीये?

दोनला ते साधं काम केलं
जे गेल्याच महिन्यात करायला हवं होतं:
आत कोण कोण बसलंय, मोजलं.
कामाची मोजकी. आणि निजलेली
चारशे ब्याण्णव.
सगळी एकाच पत्त्यावरून आलेली.
दर पंधरा मिनिटांनी एक आत येतो,
दहा वर्षांचे सगळे तक्ते चाळतो,
एकच विचारतो:
सिन्नरचे किती रिपोर्ट बाकी?
शून्य, असं ऐकतो,
आणि दार न लावता तिथेच बसतो,
मांडीवर चाळीसेक एमबीचं बोचकं घेऊन.

सिन्नरचं सेंटर बंद होऊन दीड वर्ष झालं.

सांगळे मामांना झोपेतून उठवलं.
"खोली बंदच असती मॅडम.
रंगाऱ्यांसाठी मागल्या महिन्यात लाइट जोडली,
तवापासून टेबलाखाली एक हिरवा दिवा लुकलुकतोय.
म्हटलं असू दे, तेवढीच सोबत."

प्रोग्राम धात्रक सरांचा. ते रिटायर होऊन ओझरला.
वरच्या ओळीत त्यांची टीप:
सिन्नरचे पेशंट लांबून येतात, विचारत राहणे.
कधी थांबायचं, ते कुठेच नाही.
सर असे विसरणारे नव्हते.
बहुधा त्यांना तशी वेळ येईल असं वाटलंच नसावं.

चारशे ब्याण्णव जणांना मी एका ओळीत उठवलं.
नवा नियम टाकला, दहा मिनिटं गप्प बसला की बाहेर.
हा नियम माझ्या घरात लावला तर
मीच पहिली रस्त्यावर.

मामांना म्हटलं, वायर काढा.
"दिवा पण जाईल मग."
हो मामा. दिवा पण.

सव्वातीनला स्क्रीनसमोर बसून राहिले.
सिन्नरहून कुणी आलं नाही.
तीन सतराला एकदा परत पाहिलं, उगीच.

ओजसचा मेसेज: कुठवर?
लिहिलं, पाय दिसतायत.
घोट्याशी थोडं आहे अजून,
ते कुठून येतंय माहीत नाही.
सोमवारी बघू.